टाक की सातबारा? अल्बेनियाच्या दोन तोंडांच्या गरुडाची गोष्ट

दोन्ही तळहात स्वतःच्या छातीकडे वळवा. मनगटापाशी हात एकमेकांवर आडवे घ्या, अंगठे एकमेकांत अडकवा आणि उरलेली बोटं पंखांसारखी फाकवा. झाला गरुड. अडकलेले अंगठे म्हणजे त्याची दोन तोंडं. दिवे गेल्यावर मुलं मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर सावलीचा पक्षी करतात ना, साधारण तसाच.

२२ जून २०१८ रोजी रशियातल्या कालिनिनग्राडमध्ये विश्वचषक फुटबॉलचा सामना होता, सर्बिया विरुद्ध स्वित्झर्लंड. स्वित्झर्लंडकडून गोल करणाऱ्या, मूळच्या अल्बेनियन घरांतल्या ग्रानित जाका आणि जेर्दान शाचिरी या दोघांनी गोल झाल्यावर हातांचा हा पक्षी करून दाखवला. फिफानं दोघांना प्रत्येकी १०,००० स्विस फ्रँक दंड ठोठावला. सोबत्यांच्या आनंदात कप्तान लिश्टश्टाइनरनंही तीच खूण केली होती, त्याला ५,०००. २०२४ मध्ये जर्मनीतल्या युरो स्पर्धेत, सर्बियापासून वेगळ्या झालेल्या कोसोव्होच्या एका वार्ताहरानं थेट प्रक्षेपणात सर्बियाच्या चाहत्यांकडे पाहून हीच खूण केली, तर त्याचं स्पर्धेचं ओळखपत्र रद्द झालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईत बीकेसीच्या मैदानावर गाऊन गेलेली दुआ लिपा मूळची कोसोव्होतल्या अल्बेनियन घरातली. तिचेही या खुणेतले फोटो सापडतील.

बोटांच्या सावलीला एवढा दंड का? आणि दंड होणार हे माहीत असूनही लोक ती खूण का करतात? याचं उत्तर एका झेंड्यात आहे, आणि तो झेंडा समजायला आपल्या देवघरातली एक वस्तू फार उपयोगी पडते.

आधी झेंडा नीट पाहू

गडद लाल कापड, मधोमध काळा गरुड, दोन तोंडं दोन दिशांना. बाकी काही नाही. तारे नाहीत, चंद्रकोर नाही, क्रूस नाही, अक्षरं नाहीत.

जगात बहुतेक देशांचा राष्ट्रीय दिवस म्हणजे स्वातंत्र्य दिन किंवा प्रजासत्ताक दिन. अल्बेनियाच्या राज्यघटनेचं चौदावं कलम सांगतं की राष्ट्रीय दिवस म्हणजे ‘ध्वजदिन’, २८ नोव्हेंबर. त्याच कलमात राष्ट्रगीत नोंदलेलं आहे, आणि त्या गीताची सुरुवातच ‘एकत्र आणणाऱ्या झेंड्याभोवती’ अशी होते. त्याला ‘झेंड्याचं स्तोत्र’ असंही म्हणतात. शब्द अल्बेनियन कवी आस्द्रेनीचे, चाल रुमानियाच्या चिप्रियान पोरुम्बेस्कु या संगीतकाराची.

हे लोक स्वतःला अल्बेनियन म्हणतच नाहीत. ते स्वतःला ‘श्चिपतार’ म्हणतात आणि देशाला ‘श्चिपरी’. गरुडाला त्यांच्या भाषेत ‘श्चिपोन्या’ म्हणतात. त्यामुळे ‘आपण गरुडाची लेकरं’ ही समजूत घराघरात आहे. भाषातज्ज्ञांचं मत वेगळं आहे. त्यांच्या मते या नावाचं मूळ ‘स्पष्ट बोलणे’ या अर्थाच्या क्रियापदात असण्याचा संभव जास्त, म्हणजे श्चिपतार म्हणजे ‘आपली भाषा समजणारा’. मला स्वतःला हा दुसरा अर्थ जास्त आवडतो. पण लोकांच्या मनात गरुडच बसला आहे, आणि मनात बसलेलं नाव व्याकरणानं उठत नाही.

राष्ट्र आणि राज्य हे दोन शब्द पुढे येतील, म्हणून त्यांचा अर्थ एकदाच ठरवून घेऊ. राज्य म्हणजे सरकार, सीमा, पासपोर्ट, टपालाचं तिकीट. राष्ट्र म्हणजे ‘आपण एक’ असं मानणारी माणसं, मग ती कुठल्याही सरकारखाली राहोत. अल्बेनियाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकमेकींवर नीट बसत नाहीत. २०२३ च्या जनगणनेनुसार अल्बेनियात सुमारे २४ लाख माणसं राहतात. पण कोसोव्होतले बहुतांश लोक अल्बेनियन आहेत, उत्तर मॅसिडोनियात लोकसंख्येच्या जवळपास पाव भाग अल्बेनियन आहे, शिवाय माँटेनेग्रो, दक्षिण सर्बिया, ग्रीस, इटली, स्वित्झर्लंड, जर्मनी.

आता देवघरातली वस्तू. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले, एक पुण्याला, एक नाशकात, एक दुबईला, की जमिनीची वाटणी होते, रेशनकार्डं वेगळी होतात. कुलदैवत मात्र वाटलं जात नाही. प्रत्येक घर कुलदैवताचा नवा टाक करून घेतं आणि आपल्या देव्हाऱ्यात ठेवतं. लाल कापडावरचा हा गरुड अल्बेनियन माणसासाठी असा टाक आहे. सगळं भांडण यावरून आहे की शेजाऱ्यांना तो सातबारा वाटतो.

हा गरुड आला कुठून?

आला एका घराण्याकडून. पंधराव्या शतकात उत्तर अल्बेनियात कास्त्रियोती नावाचं सरदार घराणं होतं. ऑटोमन तुर्कांचा जोर वाढत होता, आणि मांडलिक सरदारांनी आपली मुलं सुलतानाच्या दरबारी ओलीस ठेवायची असा रिवाज होता. ग्येर्ग कास्त्रियोती असाच गेला, मुसलमान झाला, सुलतानाच्या फौजेत नाव कमावलं. तिथं त्याला इस्कंदर बेग म्हणू लागले, त्याचं स्कंदरबेग झालं.

नोव्हेंबर १४४३ मध्ये नीशजवळच्या लढाईत तो आपल्या माणसांसह तुर्की फौज सोडून निघाला आणि थेट क्रुया या डोंगरी किल्ल्यावर आला. परंपरा सांगते की २८ नोव्हेंबरला त्यानं किल्ल्यावर आपल्या घराण्याचं निशाण चढवलं, आणि तो पुन्हा ख्रिस्ती झाला. पुढच्या मार्चमध्ये लेझा इथं त्यानं आसपासच्या सरदारांची एकजूट केली आणि मरेपर्यंत, १४६८ पर्यंत, सुलतानाला दाद दिली नाही. क्रुयाला तीन मोठे वेढे पडले, तिन्ही त्याच्या हयातीत फसले. किल्ला पडला तो १४७८ मध्ये, तो गेल्यानंतर दहा वर्षांनी. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला मारिन बारलेती या अल्बेनियन धर्मगुरूनं लॅटिनमध्ये त्याचं चरित्र लिहिलं, त्यात लाल पताकेवरच्या काळ्या, दोन तोंडांच्या गरुडाचा उल्लेख आहे.

इथं पहिली शंका येते. दोन तोंडांचा गरुड तर सर्बियाच्या झेंड्यावरही आहे, माँटेनेग्रोच्याही, रशियाच्या राजमुद्रेवरही. मग तो अल्बेनियनांचा कसा? खरं आहे, तो एकट्या अल्बेनियनांचा नाही. कॉन्स्टँटिनोपलहून चालणाऱ्या बायझंटाईन साम्राज्याचं ते वैभवचिन्ह होतं, आणि त्या छायेतल्या राजांनी, सरदारांनी ते उचललं. अशा चिन्हांची मालकी कल्पनेवरून ठरत नाही. आपल्या शेजारी कर्नाटकच्या राजमुद्रेवर दोन तोंडांचा गंडभेरुंड आहेच. त्याचा अल्बेनियाशी काडीचा संबंध नाही, तरी तो कर्नाटकचा आहे. सर्बियाचा गरुड पांढरा आणि मुकुटधारी, अल्बेनियाचा काळा आणि उघड्या डोक्याचा. एकाच आजोबांचं पागोटं दोन चुलत घराण्यांनी मिरवावं, असा हा प्रकार आहे.

मधली चारशे वर्षं

स्कंदरबेग गेल्यावर त्याचे अनेक लोक समुद्र ओलांडून दक्षिण इटलीत गेले. त्यांच्या वंशजांना आर्बरेश म्हणतात. सिसिलीतल्या पियाना देल्यी अल्बानेझी या गावाच्या चिन्हावर आजही तो गरुड आहे, आणि तिथली माणसं जुन्या वळणाची अल्बेनियन बोलतात. साडेपाचशे वर्षं झाली. टाक सोबत नेणं म्हणतात ते हेच.

मूळ भूमीत मात्र ऑटोमन राज्य पाच शतकांच्या घरात टिकलं, आणि तिथं हा झेंडा सलग फडकत होता असं नाही. स्कंदरबेगाची याद गाण्यांत, दंतकथांत राहिली. एकोणिसाव्या शतकात साम्राज्य खिळखिळं झालं तेव्हा शिकलेल्या अल्बेनियनांची एक पिढी जागी झाली. १८७८ मध्ये प्रिझ्रेनला त्यांची परिषद भरली. १८९७ पासून फाइक कोनित्सा ब्रुसेल्समधून एक नियतकालिक काढत होता. स्कंदरबेगाचं लाल-काळं निशाण राष्ट्राचा झेंडा म्हणून पुन्हा लोकांसमोर आणण्यात त्याचा मोठा वाटा. एप्रिल १९११ मध्ये उत्तरेच्या कॅथलिक डोंगरी टोळ्यांनी बंड केलं आणि देचिचच्या डोंगरावर हा झेंडा रोवला.

‘म्हणजे परदेशात बसलेल्या लेखकांनी घडवलेली परंपरा ही!’ असं कुणी म्हणेल. घडवलीच आहे. कुठल्या राष्ट्राची परंपरा कुणी घडवली नाही? पेटीतला आजीचा शालू नातीनं काढून लग्नात नेसला, तर मधल्या पन्नास वर्षांत तो कुणी नेसला नव्हता म्हणून तो आजीचा राहत नाही काय?

झेंड्यावरच एवढी भिस्त का?

मला या गोष्टीचा हा गाभा वाटतो, म्हणून जरा थांबतो. लोकांना एकत्र बांधायला सहसा काय लागतं? एक धर्म, एक लिपी, एक राजघराणं, यातलं काहीतरी. १९०० च्या आसपासच्या अल्बेनियनांकडे यातलं काय होतं पाहा.

धर्म? बहुसंख्य मुसलमान, त्यातही सुन्नी आणि बेक्ताशी हा सूफी पंथ. दक्षिणेत ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, उत्तरेत कॅथलिक. बोली? उत्तरेत गेग, दक्षिणेत तोस्क. लिपी? कुणी अरबी अक्षरांत लिहायचं, कुणी ग्रीक, कुणी लॅटिन. लॅटिन लिपीवर एकमत व्हायला नोव्हेंबर १९०८ ची मोनास्तिरची परिषद भरवावी लागली. राजघराणं तर नव्हतंच.

तुर्की कारभार माणसांची गणती धर्मावरून करायचा. म्हणजे अल्बेनियन मुसलमान ‘तुर्क’ ठरायचा आणि अल्बेनियन ऑर्थोडॉक्स ‘ग्रीक’. एकाच गल्लीत राहणारी, एकच भाषा बोलणारी दोन माणसं कागदावर दोन परकी जमाती. याच काळात पाश्को वासा या कवीनं, जो स्वतः कॅथलिक आणि ऑटोमन सरकारात मोठा अधिकारी होता, लिहिलं की अल्बेनियनाचा धर्म म्हणजे अल्बेनियनपण. ही ओळ तिथं आजही शाळकरी मुलाला येते.

मग सगळ्यांना चालेल असं काय उरलं? तुर्कांपूर्वीच्या काळातलं एक निशाण, ज्यावर क्रूस नाही की चंद्रकोर नाही. आणि एक वीर, जो ख्रिस्ती जन्मला, मुसलमान म्हणून वाढला आणि पुन्हा ख्रिस्ती झाला. बहुसंख्य मुसलमान असलेल्या लोकांचा राष्ट्रपुरुष ख्रिस्ती कसा, हे कोडं बाहेरच्यांना पडतं. त्यांना पडत नाही. स्कंदरबेगावरचं महाकाव्य लिहिणारा नाइम फ्राशेरी बेक्ताशी मुसलमान होता. इतर देशांत देऊळ, चर्च, राजवाडा आणि झेंडा मिळून जे ओझं उचलतात, ते इथं झेंड्यानं जवळपास एकट्यानं उचललं. म्हणून त्याच्याबद्दलचा जीव इतका आहे.

व्लोराची गच्ची आणि लंडनची रेघ

१९१२ च्या शरद ऋतूत पहिलं बाल्कन युद्ध पेटलं. सर्बिया, ग्रीस, माँटेनेग्रो आणि बल्गेरियानं तुर्कांवर चढाई केली, आणि अल्बेनियन वस्तीचे प्रदेश एकेक करून या सैन्यांच्या हातात जाऊ लागले. साम्राज्य मरत होतं आणि वारसांमध्ये अल्बेनियनांचं नाव नव्हतं. इस्माईल चेमाली हा मुरलेला ऑटोमन राजकारणी घाईघाईनं व्लोरा या बंदरात पोचला, हाती लागतील ते प्रतिनिधी गोळा केले आणि २८ नोव्हेंबरला स्वातंत्र्य जाहीर केलं. जाहीरनामा जेमतेम काही ओळींचा. त्यानंतर गच्चीवरून झेंडा दाखवला गेला. तो मारिगो पोसियो या बाईनं भरतकाम करून तयार केला होता अशी आठवण तिथं सांगतात. तारीख पाहिलीत? क्रुयाचीच.

लक्षात घ्या, त्या दिवशी या देशाला सीमा नव्हती, सैन्य नव्हतं, राजधानीही ठरलेली नव्हती. फक्त झेंडा होता.

सीमा ठरली १९१३ मध्ये, लंडनला, मोठ्या सत्तांच्या राजदूतांच्या बैठकीत. अल्बेनियाचं राज्य मान्य झालं, पण कोसोव्हो आणि इतर बराच अल्बेनियन वस्तीचा मुलूख बाहेर राहिला. पुढच्या शंभर वर्षांची भांडणं त्या रेघेत आहेत.

आपल्या ओळखीच्या एका व्यक्तीचं उदाहरण घेऊ. मदर तेरेसा १९१० मध्ये स्कोप्येला अल्बेनियन घरात जन्मल्या. तेव्हा ते शहर ऑटोमन साम्राज्यात होतं, नंतर सर्बियात गेलं, मग युगोस्लाव्हियात, आज ते उत्तर मॅसिडोनियाची राजधानी आहे. अल्बेनियाच्या सीमेत त्या जन्मल्या नाहीत, नागरिकत्व त्यांनी भारताचं घेतलं, तरी अल्बेनियाची राजधानी तिरानाच्या विमानतळाला त्यांचं नाव आहे. त्यांची आई आणि बहीण तिरानात राहत होत्या आणि तिथंच वारल्या. साम्यवादी सरकारच्या काळात मायलेकींची शेवटची भेटही होऊ शकली नाही. त्या तिरानाला पोचल्या १९८९ मध्ये, तेव्हा भेटायला कबरी उरल्या होत्या.

राजे आले, हुकूमशहा आले

हे भराभर सांगतो. १९२८ मध्ये झोग राजा झाला, त्यानं गरुडावर स्कंदरबेगाचं शिरस्त्राण बसवलं, ज्याच्या माथ्यावर बकरीचं मुंडकं आहे. मूळ शिरस्त्राण आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे आणि २०१२ मध्ये स्वातंत्र्याच्या शताब्दीला तिरानात दर्शनाला आणलं होतं. १९३९ मध्ये इटलीनं देश गिळला, गरुडाच्या दोन्ही बाजूंना फॅसिस्टांच्या काठ्यांच्या मोळ्या आल्या. १९४६ पासून साम्यवाद्यांनी वर सोनेरी कडेचा लाल तारा लावला. एन्वेर होज्जानं १९६७ मध्ये धर्मावरच बंदी आणली, मशिदी आणि चर्चेस बंद केली. १९९२ मध्ये तारा उतरला.

प्रत्येकानं गरुडाला आपला दागिना चढवला. गरुड काढायची हिंमत मात्र कुणाची झाली नाही.

मग शेजारी का बिथरतात?

कारण त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र पाहिल्या आहेत: गरुड आणि नकाशा.

१४ ऑक्टोबर २०१४, बेलग्रेड. सर्बिया-अल्बेनिया सामना, अल्बेनियाच्या चाहत्यांना मैदानात प्रवेश नव्हता. एकेचाळीस मिनिटं उलटून गेल्यावर आकाशातून एक ड्रोन उतरू लागला, खाली कापड लटकत होतं. त्यावर गरुड होता, इस्माईल चेमालीचं चित्र होतं, आणि शेजारी देशांचे तुकडे कापून जोडलेला मोठ्या अल्बेनियाचा नकाशा होता. सर्बियाच्या एका खेळाडूनं ते ओढून खाली घेतलं, हाणामारी झाली, प्रेक्षक मैदानात घुसले, सामना सोडून द्यावा लागला. क्रीडा लवादानं पुढच्या वर्षी अल्बेनियाला ३-० असा विजय दिला. दुआ लिपानंही २०२० मध्ये अशाच नकाशाचं चित्र टाकलं होतं आणि मोठा गदारोळ झाला होता.

अशा नकाशावर सर्बियाचा, मॅसिडोनियाचा, ग्रीसचा, माँटेनेग्रोचा मुलूख असतो. तो सरळ सातबारा आहे, दुसऱ्याच्या शेतावर आपलं नाव लावलेला. त्याची भीती वाटणं साहजिक आहे. शिवाय कोसोव्होतल्या अल्बेनियन सशस्त्र संघटनेच्या बिल्ल्यावर हाच गरुड होता, आणि मार्च २००४ च्या दंगलीत तिथं १९ माणसं मेली, सर्बांची चर्चेस जळाली. ज्याचं घर जळलं त्याला गरुड नुसता पक्षी दिसणार नाही, हे समजून घ्यायला हवं.

पण गरुडावर लाठी चालवल्यानं काय होतं, तेही पाहा. १९९७ मध्ये मॅसिडोनियातल्या गोस्तिवार शहरात नगरपालिकेवर अल्बेनियन झेंडा लावला होता. पोलिसांनी तो उतरवला, त्या संघर्षात तीन माणसं गेली, महापौर तुरुंगात गेले. चार वर्षांत देश यादवीच्या उंबरठ्यावर आला. २००१ च्या ओहरिड करारानंतर अल्बेनियनांचे हक्क वाढले आणि जिथं ते बहुसंख्य आहेत तिथं त्यांचं निशाण लावायची वाट खुली झाली. देश मोडला नाही. आज तिथं दोन झेंडे दिसतात आणि बाजार रोज भरतो. माझं मत या उदाहरणामुळे पक्कं झालं: नकाशा अडवा, गरुड अडवू नका.

कोसोव्होला स्वतःचा झेंडा आहे ना?

आहे. १७ फेब्रुवारी २००८ ला स्वातंत्र्य जाहीर झालं तेव्हा निळ्या कापडावर सोनेरी नकाशा आणि सहा पांढरे तारे असा झेंडा स्वीकारला. सहा तारे म्हणजे तिथले सहा समाज. गरुड त्यात मुद्दाम नाही, कारण तो एकाच समाजाचा झाला असता. राज्यघटनेनं दुसऱ्या कुठल्याही देशात विलीन होण्याचा मार्गही बंद केला आहे.

सरकारी कचेरीवर निळा झेंडा असतो. लग्नाच्या वरातीत, शहिदांच्या कबरीवर, २८ नोव्हेंबरला खिडकीत मात्र लाल-काळा. १९९८-९९ च्या युद्धात सर्बियाच्या फौजांकडून कोसोव्होतून आठ लाखांहून जास्त अल्बेनियन हाकलले गेले. त्या माणसांना नऊ वर्षांनी, समितीनं निवडलेलं चिन्ह पहिल्याच दिवशी काळजाशी धरा, असं कसं सांगणार? निळा झेंडा त्यांच्या राज्याचा आहे आणि ते त्याला मानतात. लाल झेंडा त्यांच्या माणसांचा आहे.

पासपोर्ट एकाचा, गरुड दुसऱ्याचा: ही गद्दारी नाही का?

स्वित्झर्लंडमध्येही २०१८ ला हा प्रश्न जोरात विचारला गेला. जाका बासेलमध्ये जन्मला, शाचिरी कोसोव्होतल्या ग्यिलानमध्ये. जाकाचे वडील युगोस्लाव्हियात राजकीय कैदी होते. सर्बियाविरुद्ध गोल केल्यावर त्या मुलाचे हात कुठल्या आठवणीनं उचलले गेले, हे कळायला फार अभ्यास लागत नाही. समोरच्या गर्दीला डिवचणंही त्यात होतं. दंडाबद्दल मला तक्रार नाही. पण गोल त्यांनी स्वित्झर्लंडसाठी केले होते, आणि सामना स्वित्झर्लंडच २-१ जिंकलं.

त्याच्या दोन वर्षं आधी, ११ जून २०१६ ला, फ्रान्समधल्या लान्स शहरात युरो स्पर्धेत अल्बेनिया आणि स्वित्झर्लंड समोरासमोर आले. स्वित्झर्लंडकडून ग्रानित जाका आणि अल्बेनियाकडून त्याचाच सख्खा भाऊ ताउलांत. त्यांची आई प्रेक्षकांत बसली होती. तिच्या टी-शर्टचा एक अर्धा भाग स्वित्झर्लंडच्या झेंड्याचा होता, पांढऱ्या क्रूसाचा. दुसऱ्या अर्ध्या भागावर काळा गरुड होता. दोन्ही अर्ध्यांचं कापड लालच, त्यामुळे जोड कुठं आहे ते लांबून कळत नव्हतं.